कुरल्यांच्या बेटावरचं बघणं

“अहाहा,” तात्यासाहेब सुखठणकर म्हणाले आणि गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली पँट त्यांनी आणखी एक घडी वर घेतली. “याला म्हणतात जगणं.”

पाणी त्यांच्या घोट्यालाही पुरत नव्हतं. आमच्या गावच्या किनाऱ्यापासून कुरल्यांच्या बेटापर्यंत काळ्या खडकांची एक वाट आहे. ओहोटीला ती उघडी पडते, भरतीला बुडते. त्या दुपारी दोन वाजता ती चांगली खडखडीत पडली होती. एखादी म्हैस झोपेत चालत पलीकडे गेली असती, पण तात्यासाहेब एकेक पाऊल असं टाकत होते, की त्यांच्या आधी तिथे माणूस पोचलाच नसावा. गळ्यात दुर्बीण, डोक्यावर कापडी टोपी आणि टोपीच्या दोरीला शिट्टी.

“शिट्टी कशाला, तात्यासाहेब?” मी विचारलं.

“कोणी हरवलं तर.”

ते बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला आठ मिनिटं लागतात. तिथे हरवायचं तर आधी तसा निश्चय करून घरातून निघावं लागेल. पण मी गप्प राहिले. निघताना आईने मला दारामागे ओढून सांगितलं होतं, “आज गप रवायचा. तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आसा.”

कारण त्या दिवशी बघायचं होतं ते बेट नव्हे. बघायची होती माझी थोरली बहीण, मालूताय.

एक्क्याण्णव सालचा एप्रिल. मालूताय अठ्ठावीस वर्षांची होती आणि तोवर चौघांनी तिला बघून नाकारलं होतं. पहिल्याला ती उंच वाटली. दुसऱ्याच्या आईला तिचा आवाज जाड वाटला. तिसऱ्याने फोटो परत पाठवला, त्यावर कपाचा गोल डाग होता. चौथे लोक सुरमईचे सहा तुकडे खाऊन गेले आणि आठ दिवसांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं, जी त्यांनी यायच्या आधीच जुळवलेली होती. जेवणं कितीही लांबली तरी प्रत्यक्ष बघणं अर्ध्या तासाचं. मालूतायने बशी पुढे करायची, नाव सांगायचं, शिक्षण सांगायचं, खाली बघायचं आणि आत जायचं. मग घरदार पोस्टमनची वाट बघायचं. आप्पा, म्हणजे आमचे वडील, स्वतः तीस वर्षं पोस्टमास्तर होते, त्यामुळे नकाराचं पत्र पाकीट न फोडता ओळखण्याइतकी त्यांची तयारी झाली होती.

सुखठणकर पाचवे. आईच्या मते शेवटचे. तिने शेजारपाजारी, देवासमोर आणि मालूतायच्या तोंडावर सांगून टाकलं होतं, की हे जमलं नाही तर आता स्थळ बघणं बंद. माझ्या केसांना तिने त्या दिवशी पाव बाटली तेल चोपडलं होतं आणि अंगात विटका ड्रेस चढवला होता, धाकटी जास्त उठून दिसू नये म्हणून. मी तशीही उठून दिसण्यातली नव्हते, पण आईला उगाच जोखीम नको होती.

बेटाची टूम तात्यासाहेबांची. ते मुंबईच्या कसल्याशा निसर्गप्रेमी मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी पत्रात लिहिलं होतं : ‘कांदेपोह्यांचा कार्यक्रम हा माणुसकीला कमीपणा आणणारा प्रकार आहे असे आमचे मत आहे. मुलामुलीने निसर्गाच्या सान्निध्यात भेटावे. आपल्या गावाजवळ एक बेट असल्याचे कळते. तेथे समुद्रगरुडाचे घरटे असल्यास उत्तम.’

आईने पत्र दोनदा वाचून घेतलं. “म्हणजे पोहे करूचे नायत?”

“कर,” आप्पा म्हणाले. “खाऊन मगे जातले निसर्गात.”

तसंच झालं. पोहे खाऊन, वर सुरमईचं जेवण जेवून आम्ही पाचजण निघालो. तात्यासाहेब, त्यांचा मुलगा उल्हास, आप्पा, मालूताय आणि मी. उल्हासची आई गुडघ्यांमुळे घरीच, आमच्या आईजवळ थांबली.

उल्हास मला आवडला होता, हे आधीच कबूल करते. विमा कचेरीत नोकरी, खोचलेला शर्ट, पाठीवर नीट बांधलेली पिशवी. बोलायचा कमी, पण जे बोलायचा ते नम्र. वाटेत शेवाळावर आप्पांचा पाय सरकला तेव्हा त्याने पटकन हात दिला. मालूतायला म्हणाला, “तुम्हाला सावकाश यायचं असेल तर मी थांबतो.” आधीच्या चौघांपैकी कोणी तिला काही विचारलं असेल तर ते साबुदाण्याची चिकवडी येते का, एवढंच. मी मनातल्या मनात मांडवही घातला.

भरती-ओहोटीचं खातं माझ्याकडे होतं. मी एकवीस वर्षांची, गावभर उंडारणारी, बेटावर शंभर वेळा जाऊन आलेली. आमच्या किनाऱ्यावर यासाठी कोणी घड्याळ किंवा तक्ते बघत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती, म्हणजे सव्वातीनला पुरती ओहोटी, आणि तिच्या आधी दीड तास व नंतर दीड तास वाट उघडी. आणि आज कोणती तिथी हे बघायला मी पंचांगही उघडत नसे, कारण स्वयंपाकघर होतं. काल आप्पांनी एकादशीचे वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खाल्ली, म्हणजे आज द्वादशी. याहून पक्का पुरावा कुठे असतो?

म्हणून मी निघतानाच जाहीर केलं होतं, “पावणेपाचपर्यंत वाट उघडी. आरामात फिरा.”

बेटावर पाय ठेवल्याबरोबर तात्यासाहेबांना सगळंच दुर्मिळ दिसायला लागलं. दुर्मिळ बगळा, दुर्मिळ खेकडा, दुर्मिळ करवंदीची जाळी. एक पक्षी वर घिरट्या घालत होता, त्याच्यावर त्यांनी दुर्बीण रोखली आणि श्वास धरला.

“समुद्रगरुड. उल्हास, लिहून घे. दोन वाजून बावीस मिनिटं.”

“ती घार आहे,” मालूताय म्हणाली.

आप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेलं पाचवं स्थळ, तेही घारीपायी. तात्यासाहेबांनी दुर्बीण खाली केली आणि तिच्याकडे वळून बघितलं.

“मुलीचा आवाज काय खणखणीत आहे हो, नेवगी,” ते आप्पांना म्हणाले. “रानात फार उपयोगी पडतो असा आवाज. पण तो गरुडच आहे.”

“शेपटी बघा. दुभंगलेली आहे. गरुडाची अशी नसते.”

“हे आधी बघायला पाहिजे होतं,” तात्यासाहेब पुटपुटले, आणि पुढचा अर्धा तास घारीला विसरून ते मालूतायला पक्ष्यांबद्दल प्रश्न विचारत राहिले. मग त्यांच्याच लक्षात आलं की बघायला मुलगा आलाय, आपण नव्हे. ते खाकरून आप्पांना ओढत बेटाच्या दुसऱ्या बाजूला गेले. मी दोन्ही जोड्यांच्या मधे, म्हणजे मालूताय आणि उल्हासचं बोलणं ऐकू येईल एवढ्या अंतरावर, शंख-शिंपले वेचायचं सोंग करत बसले.

“तुम्हाला मुंबई आवडेल?” उल्हासने विचारलं.

“बघितली नाही अजून. तुम्हाला बेट आवडलं?”

“छान आहे. सावली जरा कमी आहे.”

“सावली त्या उंडीच्या झाडाखाली आहे. एकच झाड आहे, पण मोठं आहे.”

असं चाललं होतं. प्रेमाचं म्हणता येणार नाही, पण आमच्या घरात मालूताय एखाद्या उपवर मुलाशी सलग इतकी वाक्यं बोलली होती असं कधी घडलं नव्हतं. मी आनंदात होते.

साडेतीनच्या सुमारास सगळे उंडीखाली जमलो. आप्पांनी आणलेला फिरकीचा तांब्या फिरला. तात्यासाहेबांनी दोन मोठे घोट घेतले आणि दुर्बिणीवर खारं पाणी उडालं होतं म्हणून उरलेल्यात रुमाल भिजवून काचा पुसल्या. गोडं पाणी होतं, काचा छान निघाल्या.

“कुंदा,” आप्पांनी मला विचारलं, “किती वाजासर वाट उघडी म्हणालंस?”

“पावणेपाच.”

आप्पांनी मान हलवली. मालूताय माझ्याकडे बघत होती. मग तिने पायातला काटा काढायला मान खाली घातली. “कुंदाचो हिशोब पक्को आसता,” ती म्हणाली.

साडेचारला आम्ही वाटेच्या तोंडाशी आलो तेव्हा वाट नव्हती.

म्हणजे पहिले दहा-बारा खडक होते. पुढे पाणी. मधल्या खोलगट भागात तर ते चांगलं छातीभर झालं होतं आणि आडवं वाहत होतं. सात-आठशे हातांवर आमचा किनारा, माडांच्या रांगा, आणि बारकाईने बघितलं तर आमच्या घराचं कौलही दिसत होतं.

“हे काय?” उल्हास म्हणाला.

“भरती,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

“पण तुम्ही पावणेपाच सांगितलं होतं.”

“द्वादशीला पावणेपाचच असतं.”

“मला पोहता येतं,” तात्यासाहेब म्हणाले. “मंडळातर्फे आम्ही दरवर्षी पोहतो. पण मी पोहण्याचे कपडे आणलेले नाहीत.”

त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन फुंकली. बेटावरचे दोन कावळे उडाले. पुन्हा वाट उघडायची ती मध्यरात्र उलटल्यावर, हे मी हळूच सांगितलं तेव्हा शिट्टी गळून त्यांच्या छातीवर पडली.

मग मला बोलणी बसली. तात्यासाहेबांनी बेजबाबदारपणा हा शब्द चार वेळा वापरला. माणसाने निसर्गाशी खेळू नये, असं म्हणाले, आणि लगेच आप्पांना विचारलं की इथला जागृत देव कोणता, त्याला काय लागतं. आप्पांनी सांगितलं, नारळ. तात्यासाहेबांनी पाच कबूल केले. उल्हासने फक्त एकदा वर तापलेल्या आभाळाकडे आणि एकदा आप्पांच्या हातातल्या रिकाम्या तांब्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. स्वतःबद्दल नव्हे. मालूतायचं पाचवं स्थळ मी माझ्या हाताने पाण्यात घातलं होतं.

उन्हाचा तडाखा तसाच होता. दगड तापलेले, वारा पडलेला. पाचच्या सुमारास आप्पांनी कपाळाला हात लावला. “माका जरा घेरी येतासारखी वाटता,” ते म्हणाले आणि उंडीच्या झाडाकडे चालत जाऊन, इकडेतिकडे बघून, एका सपाट जागेवर आडवे झाले. डोळे मिटले. बासष्ट वर्षांचा माणूस. त्यांचे ओठ वाळून पांढरे पडले होते.

मालूताय धावली. तिने पदर समुद्रात भिजवून त्यांच्या कपाळावर ठेवला. तात्यासाहेबांनी, हे सांगायलाच हवं, झाडाखाली शिरणारं तिरपं ऊन अडवायला आपली टोपी काढून आप्पांच्या डोक्याशी धरली आणि पक्ष्यांच्या पुस्तकाने त्यांना वारा घालायला बसले. स्वतःच्या टकलावर ऊन घेत ते वारा घालत राहिले आणि सारखे म्हणत होते, “नेवगी, काही होत नाही. नेवगी, बोलत राहा.”

“कोणाकडे घोटभर पाणी आहे का?” मालूतायने विचारलं. विचारलं सगळ्यांना, पण बघत होती उल्हासकडे, कारण पिशवी एकट्या त्याच्याकडेच होती.

“नाही हो,” उल्हास म्हणाला. “सगळं त्या तांब्यातलंच होतं.” मग पिशवी खांद्यावर टाकत म्हणाला, “मी पलीकडून बघतो एखादी होडी दिसते का.” आणि तो उजवीकडच्या मोठ्या खडपामागे, उंच खडकांच्या आड, गेला.

पाच मिनिटांनी मालूताय उठली. “करवंदा गावतत काय बघतंय. तोंडाक जरा ओल येयत,” मला म्हणाली आणि त्याच बाजूला गेली. परत आली ती रिकाम्या हाताने.

“नाय गावली?”

“नाय.”

ती आप्पांच्या पायाशी बसली. तिच्या चेहऱ्यावर काळजी तर होतीच, पण दुसरंही काही होतं, जे मला ओळखता येईना. अंगातला ताठरपणा गेल्यासारखी ती बसली होती. बघायला लोक आले की सकाळपासून तिच्या मानेत एक काठी उभी राहायची, ती कुठे दिसेना. थोड्या वेळाने उल्हास आला, तोंड पुसत. म्हणाला, होडी नाही.

“बरं,” मालूताय म्हणाली. “बसा. दमला असाल.”

सव्वासहाच्या सुमारास बाबी कुबल आपली होडी घेऊन आला. साठीचा मासेमार, तोंडात विडी. बेटाला होडी लावता लावताच त्याने सुरुवात केली. “तुमच्या दोन्ही बायो किनाऱ्यार उभ्या रवान बोंबलतत. माका वाटला कोण बुडाला.” मग माझ्याकडे वळला. “कुंदा, तू पोस्टमास्तराचा चेडू आणि तुका तिथी कळणा नाय? आज कसली द्वादशी? आज एकादस.”

“एकादशी काल झाली,” मी म्हणाले. “आप्पांनी उपास केला.”

“काल तुमची. आज भागवतांची. दोन दिस एकादस आसा ह्या वेळी. चंद्र काय तुझ्या बापाशीचो उपास बघून चलता?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिथीची वृद्धी होऊन एकादशी दोन दिवस राहिली होती. स्मार्तांनी काल धरली, वारकऱ्यांनी आज. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सगळा हिशोब पाऊण तासाने हुकला होता. दुपारी वाट इतकी कोरडी दिसली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. तात्यासाहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी होडीत सर्वांत मागे, ओल्या जाळ्यावर बसले. आप्पा बाबीचा हात धरून चढले आणि होडीतल्या डब्यातलं पाणी घटाघटा प्याले.

घरी पोचल्यावर आईने आधी पाणी दिलं, मग चहा टाकला, मग मला मागच्या दारी नेऊन जे बोलायचं ते बोलली. तिचं अर्धंच झालं होतं एवढ्यात ओटीवरून तात्यासाहेबांचा आवाज आला.

“वहिनी, जरा बाहेर या. सगळेच या.”

आम्ही गेलो. तात्यासाहेब उभे होते. टक्कल लाल झालेलं, पँटीची एक बाजू अजून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली.

“पत्र पाठवतो वगैरे आम्ही म्हणणार नाही,” ते म्हणाले. “आज मी या मुलीला संकटात बघितलं. वडिलांची सेवा करताना बघितलं. आम्हाला मुलगी पसंत आहे. उल्हास?”

“हो,” उल्हास म्हणाला. “मला पसंत आहे.”

आई लगेच साखर आणायला वळली. चार नकारांनंतरचा पहिला होकार होता तो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझी चूकही त्यात वाहून जाईल असं मला वाटलं.

“मला पसंत नाही,” मालूताय म्हणाली.

ती दाराच्या चौकटीत उभी होती. आवाज चढवला नव्हता, पण जाडच होता तो, सगळ्यांना ऐकू गेला. आई साखरेचा डबा हातात घेऊन उभी राहिली.

“म्हणजे?” तात्यासाहेब म्हणाले.

“मला यांच्याशी लग्न करायचं नाही.”

“माझं काही चुकलं का?” उल्हासने विचारलं. तो मनापासून विचारत होता, हे जास्त वाईट होतं.

मालूतायने त्याच्याकडे बघितलं. खाली नव्हे, त्याच्या तोंडाकडे. “काही सांगायला लावू नका,” ती म्हणाली.

मग सगळे आप्पांकडे बघायला लागले. आई तर अशी बघत होती, की आता हे उठतील आणि मुलीला आत नेऊन चार शब्द सुनावतील. आप्पा आरामखुर्चीतून उठले. तासाभरापूर्वी आडवा पडलेला माणूस. त्यांनी हात जोडले.

“तात्यासाहेब, मुलगी नाही म्हणते. तेव्हा आमच्याकडून नाही समजा. तुम्हाला त्रास झाला, त्याची माफी.”

कारण विचारलं नाही. तिच्याकडे वळूनही बघितलं नाही. मला त्या क्षणी आप्पांचा भयंकर अभिमान वाटला, आणि तेवढाच रागही आला, की जन्मभर एवढी वाट बघून हा माणूस असा कसा हात जोडतो. आई डबा घेऊन तिथेच पाटावर बसली.

सुखठणकर आठच्या गाडीने गेले. गेटाशी तात्यासाहेब थांबले. मला वाटलं, आता काहीतरी लागट बोलणार. ते मालूतायला म्हणाले, “बाळ, ती घार होती. मी होडीत पुस्तक काढून बघितलं.” आणि टोपी सारखी करून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला विहिरीवर गाठलं.

“कित्याक?” मी विचारलं. “हो तरी बरो होतो गो.”

मालूतायने कळशी काठावर ठेवली. “तेच्याकडे पाणी होता.”

“कोणाकडे?”

“उल्हासाकडे. पिशवीत बाटली होती, आवशीन उकळून दिल्लली. मी करवंदा बघूक गेलंय तर हो खडपामागे बसान पिता. आप्पा हय पडलेले, आणि हो थय सावकाश एकेक घोट. झाकण लावल्यान, बाटली पिशवीत ठेवल्यान, रुमालान तोंड पुसल्यान, आणि इलो सांगत, होडी नाय.”

मी विहिरीच्या काठावर बसले.

“सासरो माका पसंत होतो,” ती म्हणाली. “तेचो झील नाय.”

आणि ती हसायला लागली. मीही हसले. दोघी विहिरीच्या काठावर बसून पोट धरून हसलो. हसता हसता ती एकदम थांबली.

“कुंदा, एक सांगतंय. आवशीक सांगू नको. काल एकादस होती ता माका म्हायत होता.”

“कधीपासून?”

“सकाळपासून. भिंतीवरच्या कॅलेंडरात लिवलेला. तू पावणेपाच म्हणालंस तेवाच माका कळला तू चुकलंस.”

“आणि तू गप रवलंस?”

“चार वेळा माका लोकांनी अर्ध्या तासात बघून टाकल्यानी,” ती म्हणाली. “माका एकदा कोणाकतरी सावकाश बघूचा होता.”

एवढं बोलली आणि तिचा चेहरा पार बदलला. ती रडायला लागली, मोठ्याने, त्या जाड आवाजात. “पण आप्पांक घेरी येयत ह्या माका म्हायत नव्हता गो. तेंका काय झाला असता तर?” मी तिला जवळ घेतलं.

मी कोणाला सांगितलं नाही. पुढची कित्येक वर्षं घरात माझं नाव द्वादशी पडलं. माझ्या लग्नात मुहूर्त ठरला तेव्हा मामा सगळ्यांसमोर म्हणाले, तिथी कुंदाला विचारू नका. मी ऐकून घेतलं. मालूताय तालुक्याच्या वाचनालयात नोकरीला लागली. आईने शब्द पाळला, स्थळं बघणं बंद केलं, आणि दोन वर्षं मालूतायशी कामापुरतीच बोलली. मालूतायचं लग्न झालं नाही. ती सुखात होती असं मी म्हणेन, पण माझ्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी ओढताना तिचा हात मधेच थांबला होता, तेही मी बघितलं होतं. आणि आप्पांना जरा थकवा आला, जरा ताप आला, की ती रात्रंदिवस त्यांच्या उशाशी. ती घेरी तिने स्वतःला कधीच माफ केली नव्हती.

आई गेल्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आप्पा तेव्हा ऐंशीच्या पुढे. मी माहेरी आले होते, मालूताय कामावर गेली होती, आम्ही दोघे ओटीवर आंब्याच्या फोडी खात बसलो होतो. कशावरून तरी ते मला द्वादशी म्हणाले आणि माझा संयम सुटला.

“आप्पा, मी एकटी गाढव नव्हतंय,” मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. मालूतायला तिथी माहीत होती, ती मुद्दाम गप्प राहिली, तिला मुलगा सावकाश बघायचा होता, खडपामागची बाटली, सगळं.

आप्पांनी कोय नीट चोखून बशीत ठेवली.

“रोज पूजेत संकल्प सोडताना तिथी कोण म्हणता?” त्यांनी विचारलं.

मी हातातली फोड खाली ठेवली. “तुमका म्हायत होता?”

“त्या दिवशी सकाळी एकादशी म्हणानच संकल्प सोडलंय. बेटार तू पावणेपाच म्हणालंस, आणि मालू गप रवली. ता मी बघलंय. म्हटला, तिका रवायचा आसा तर रवांदे.”

“आप्पा, तिका अजून वाटता, तिच्यामुळे तुमका घेरी इली. इतकी वर्षां ती मनाक लावन घेता.”

ते जरा गंभीर झाले. “ता माका म्हायत नव्हता,” ते म्हणाले. “आज सांगतंय तिका.” मग बोटं पुसत माझ्याकडे बघितलं. “त्या पोराच्या पिशवीत पाणी हिंदकळत होता. बेटार जाताना तेना माका हात दिल्यान, तेवाच माका ऐकाक इला.”

“मगे ती घेरी?”

“घेरी?” आप्पा म्हणाले. “मी खय पडलंय ता आठवता? थयसून त्या खडपाची मागची बाजू सरळ दिसता.”